रक्ताचा अहवाल कसा वाचावा? – उपदंशाच्या चाचणीचा एक पाठ

(आरोग्य पाठ – इयत्ता नववी ते बारावीचे विद्यार्थी, पालक व विश्वस्त यांच्यासाठी)



आपल्या घरात एखादी वहिनी, मावशी किंवा ताई गरोदर असली की तिच्या रक्ताच्या तपासण्या होतात. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, एच.आय.व्ही. आणि त्यांच्याच रांगेत एक नाव असते – व्ही.डी.आर.एल. घरातील बहुतेकांना हे नाव काय आहे ते ठाऊक नसते. अहवालावर ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ असे छापून आले की कागद फाईलमध्ये जातो. ‘रिॲक्टिव्ह’ असे आले तर मात्र घर हादरते. कुणी सुनेकडे संशयाने पाहते, कुणी मुलाकडे. पुष्कळदा डॉक्टरांचे पुढचे वाक्य ऐकण्याआधीच मनात निकाल लागलेला असतो.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांत आणखी एक अडचण आहे. आपण घरी मराठी बोलतो, दवाखान्यात हिंदी, गुजराती, कानडी किंवा तेलुगू बोलतो आणि अहवाल वाचतो तो इंग्रजीत. तीन भाषांच्या या प्रवासात नेमका अर्थ कुठेतरी हरवतो. म्हणून या पाठात आम्ही हीच एक तपासणी घेतली आहे. ती काय शोधते, कशी शोधते, कुठे चुकते आणि तिचा अहवाल हाती आल्यावर काय करावे, हे क्रमाने पाहू.

रोग कोणता?

व्ही.डी.आर.एल. ही उपदंश या रोगाची तपासणी आहे. इंग्रजीत त्याला सिफिलिस म्हणतात आणि जुन्या मराठीत ‘गरमी’. तो मुख्यतः लैंगिक संबंधातून पसरतो. शिवाय गरोदर मातेकडून गर्भाला आणि क्वचित दूषित रक्तातून दुसऱ्याला होतो. हस्तांदोलन, एका ताटात जेवणे, कपडे, संडासाची बैठक किंवा डासाचे चावणे यांतून तो होत नाही.

संसर्गानंतर १० ते ९० दिवसांत, सरासरी तीन आठवड्यांनी, जंतू शिरलेल्या जागी एक लहान व्रण उठतो. तो बहुधा दुखत नाही. म्हणूनच फसगत होते. तीन ते सहा आठवड्यांत तो औषधावाचून भरून येतो आणि माणसाला वाटते, बरे झाले. जंतू मात्र रक्तात पोहोचलेला असतो. पुढे काही आठवड्यांनी अंगावर, विशेषतः तळहातांवर आणि तळपायांवर, पुरळ येऊ शकते. तेही आपोआप जाते. त्यानंतर रोग वर्षानुवर्षे लपून राहतो. बाहेरून काहीच दिसत नाही. उपचार न झालेल्यांपैकी काहींच्या हृदयावर, मोठ्या रक्तवाहिनीवर, मेंदूवर किंवा हाडांवर अनेक वर्षांनी आघात होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली १५ ते ४९ वयोगटातील ८० लाख लोकांना हा संसर्ग नव्याने झाला. म्हणजे हा इतिहासजमा झालेला रोग नव्हे. आणि लक्षणे लपून राहत असल्यामुळे तो ओळखण्याचा भरवशाचा मार्ग एकच उरतो, तो म्हणजे तपासणी.

नावात दडलेला दोष

या रोगाच्या नावांचा इतिहास मोठा बोलका आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याची मोठी साथ पसरली. तेव्हा इटलीतील लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच लोक नेपल्सचा रोग म्हणत. आपल्याकडेही तेच घडले. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात भावमिश्रांनी त्याला ‘फिरंग रोग’ म्हटले आहे, म्हणजे फिरंग्यांचा रोग. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापून घेतलेल्या ग्रंथात चोपचिनी या मुळीचा या रोगावरील उपयोग नोंदवला आहे. ‘सिफिलिस’ हे नाव फ्राकास्तोरो या इटालियन वैद्याच्या १५३० सालच्या एका काव्यातून आले.

प्रत्येक देशाने रोगाला शेजाऱ्याचे नाव दिले. आपणही घरात तेच करतो. रोग आला की आधी दोषी शोधतो आणि उपचार मागून. ‘गुप्तरोग’ हा आपल्याकडचा शब्दच लपवायला सांगतो. त्याचा फायदा उठवतात ते भिंतींवर जाहिराती रंगवणारे भोंदू. म्हणून या पाठात आम्ही सरळ ‘लैंगिक संसर्ग’ हा शब्द वापरला आहे. हा इतर संसर्गांसारखाच एक संसर्ग आहे. त्याला कारण आहे, तपासणी आहे आणि औषधही आहे.

जंतू सरळ का पाहत नाहीत?

जीवशास्त्राचा विद्यार्थी इथे विचारील, ‘क्षयाचा जंतू थुंकीत सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो, मग हा का नाही?’

प्रश्न योग्य आहे. उपदंशाचा जंतू, ट्रेपोनिमा पॅलिडम, ३ मार्च १९०५ रोजी बर्लिनमध्ये फ्रिट्झ शाउडिन यांना प्रथम दिसला. त्यांचे सहकारी होते एरिक हॉफमन. हा जंतू मळसूत्रासारखा वेटोळा आणि इतका बारीक असतो की त्याची जाडी एका मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागाएवढी भरते. नेहमीचा रंग तो नीट घेत नाही. काळ्या पार्श्वभूमीच्या खास सूक्ष्मदर्शकातून तो चमकत्या, फिरत्या धाग्यासारखा दिसतो खरा, पण त्यासाठी ताज्या व्रणातील स्राव हवा. व्रण भरला की ही संधी गेली.

मग प्रयोगशाळेत वाढवून पाहावा, तर तेही सोपे नाही. नेहमीच्या पोषक माध्यमावर तो वाढत नाही. सशाच्या पेशींच्या सोबतीने त्याला काचपात्रात दीर्घकाळ वाढवण्यात शास्त्रज्ञांना यश आले ते २०१८ साली, म्हणजे शोधानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. रोजच्या तपासणीला ही रीत उपयोगाची नाही.

तेव्हा शास्त्रज्ञांनी दुसरी वाट धरली. चोर सापडत नसेल तर त्याच्या पावलांचे ठसे पाहावेत. जंतू शरीरात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे रक्तात शोधायची.

एक चुकीचा तर्क आणि खरी तपासणी

१९०६ साली जर्मनीत ऑगस्ट वासरमान, अल्बर्ट नायसर आणि कार्ल ब्रुक यांनी अशी पहिली रक्ततपासणी मांडली. उपदंशाने दगावलेल्या अर्भकाच्या यकृताचा अर्क त्यांनी वापरला. त्यात जंतू भरपूर असतात, म्हणून रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे त्यांना चिकटतील, असा त्यांचा तर्क होता. तपासणी चालली. पण लवकरच दिसून आले की निरोगी यकृताचा किंवा बैलाच्या हृदयाचा अर्क घेतला तरीही ती चालते! म्हणजे प्रतिपिंडे जंतूला नव्हे, तर ऊतींमधील कुठल्यातरी स्निग्ध पदार्थाला चिकटत होती.

हा पदार्थ १९४१ साली मेरी पँगबॉर्न यांनी बैलाच्या हृदयातून शुद्ध स्वरूपात वेगळा केला. त्याचे नाव कार्डिओलिपिन. आपल्या पेशींतील तंतुकणिकांच्या आतल्या पटलात तो असतो. उपदंशात पेशींची मोडतोड होते, असे स्निग्ध पदार्थ उघडे पडतात आणि शरीर त्यांच्याविरुद्धही प्रतिपिंडे तयार करते. शुद्ध कार्डिओलिपिन वापरून १९४६ साली अमेरिकेतील सरकारी ‘व्हेनेरिअल डिसीज रिसर्च लॅबोरेटरी’ने नवी तपासणी बसवली. त्या संस्थेच्या नावाची आद्याक्षरे म्हणजेच व्ही.डी.आर.एल.

आता एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी, कारण पुढचे सर्व तिच्यावर उभे आहे. व्ही.डी.आर.एल. तपासणी उपदंशाचा जंतू पाहत नाही आणि जंतूविरुद्धची खास प्रतिपिंडेही पाहत नाही. ती पेशींच्या मोडतोडीची खूण पाहते. ही खूण उपदंशात सापडते, पण इतर कारणांनीही सापडू शकते.

काचेवर काय घडते?

दंडाच्या शिरेतून थोडे रक्त घेतात. ते गोठल्यावर वर राहणारा पिवळसर द्रव, म्हणजे रक्तद्रव्य, वेगळा करून ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटे तापवतात. त्याचा एक थेंब काचपट्टीवर ठेवून त्यात कार्डिओलिपिनच्या कणांचे मिश्रण घालतात आणि पट्टी यंत्रावर मिनिटाला १८० फेऱ्यांनी चार मिनिटे फिरवतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कण सुटे राहिले तर ‘नॉन-रिॲक्टिव्ह’. कणांचे पुंजके झाले तर ‘रिॲक्टिव्ह’.

याच तपासणीची धाकटी बहीण म्हणजे आर.पी.आर. तिच्यात कोळशाची बारीक पूड मिसळलेली असते. त्यामुळे काळे पुंजके नुसत्या डोळ्यांनी दिसतात. रक्तद्रव्य तापवावे लागत नाही आणि सूक्ष्मदर्शकही लागत नाही. लहान दवाखान्यांना ती सोयीची पडते.

पुंजके दिसले की रक्तद्रव्य पातळ करत जातात. निम्मे, पाव, अष्टमांश, षोडशांश, याप्रमाणे. सर्वांत पातळ ज्या मिश्रणात पुंजके दिसले तो आकडा अहवालावर लिहितात, उदाहरणार्थ १:८ किंवा १:३२. याला टायटर म्हणतात. आकडा जितका मोठा, तितकी प्रतिपिंडे अधिक. १:३२ हा १:८ पेक्षा मोठा टायटर आहे, हे विसरू नये. अपूर्णांकाची सवय असलेल्यांचा इथे हमखास घोटाळा होतो.

पातळ करण्याचा आणखी एक उपयोग आहे. प्रतिपिंडे फारच जास्त असली तर मूळ रक्तद्रव्यात पुंजके होतच नाहीत. मैदानात काही खांब आहेत अशी कल्पना करा. प्रत्येक मुलाने दोन हातांनी दोन खांब धरले तर सगळे खांब एकमेकांना जोडले जातात. पण मुले फार झाली तर प्रत्येक खांबाभोवती नुसती गर्दी होते, दुसऱ्या हाताला मोकळा खांब मिळत नाही आणि जोडणी होत नाही. प्रतिपिंडांचेही तसेच. पातळ केल्यावर गर्दी कमी होते आणि पुंजके दिसू लागतात. लक्षणे स्पष्ट असूनही अहवाल ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ आला तर डॉक्टर प्रयोगशाळेला रक्तद्रव्य पातळ करून पुन्हा पाहायला सांगतात, ते यासाठी.

दुसरी साक्ष

पहिली तपासणी खूण पाहते, पण ती खूण कुणाची हे तिला सांगता येत नाही. गरोदरपण, हिवताप, कुष्ठरोग, क्षय, ल्युपससारखे विकार, काही विषाणूजन्य ताप आणि वार्धक्य अशा स्थितींतही उपदंश नसताना ती ‘रिॲक्टिव्ह’ येऊ शकते. अशा वेळी टायटर बहुधा १:८ च्या खाली असतो.

म्हणून दुसऱ्या जातीची तपासणी करतात. तिचे एक नाव टी.पी.एच.ए. ती जंतूविरुद्धचीच प्रतिपिंडे शोधते. प्राण्यांच्या तांबड्या पेशींवर उपदंशाच्या जंतूचे घटक चढवलेले असतात. रुग्णाच्या रक्तात ती खास प्रतिपिंडे असली तर या पेशी एकमेकींना धरून वाटीच्या तळाशी चटईसारख्या पसरतात. नसली तर घरंगळून तळाशी बटणासारखा ठिपका होतो.

या तपासणीचाही एक स्वभाव आहे. एकदा उपदंश होऊन गेला की, उपचाराने पूर्ण बरा झाला तरी, बहुतेकांत ती आयुष्यभर ‘पॉझिटिव्ह’ राहते. म्हणजे ती ‘हा जंतू कधीतरी शरीरात आला होता’ एवढे सांगते. ‘आज आहे का’ हे सांगत नाही. ते समजण्यासाठी पहिल्या तपासणीचा टायटर पाहावा लागतो. थोडक्यात, एक तपासणी रोगाची आजची हालचाल दाखवते आणि दुसरी जंतूची ओळख पटवते. दोघींची साक्ष एकत्र वाचावी.

अलीकडे पट्टीच्या झटपट तपासण्याही आल्या आहेत. २०२० नंतर करोनाच्या पट्ट्या आपण सर्वांनी पाहिल्या. ही पट्टी तशीच. बोटाच्या टोकाचा रक्ताचा थेंब, वर द्रावण, आणि १५-२० मिनिटांत रेषा. एक रेषा तपासणी नीट चालल्याची आणि दुसरी प्रतिपिंडांची. एकाच पट्टीवर एच.आय.व्ही. आणि उपदंश या दोन्हींची तपासणी करणारे संचही आहेत. यांतील उपदंशाची रेषा बहुधा टी.पी.एच.ए.च्या जातीची असते, म्हणून जुना, बरा झालेला रोगही ती दाखवते.

थोडे गणित

गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी एक उदाहरण देतो. यातील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा १०,००० गरोदर मातांची तपासणी केली. त्यांपैकी ५० जणींना खरोखर उपदंश आहे, ९,९५० जणींना नाही. तपासणी चांगली आहे. शंभर रुग्णांपैकी ९८ ओळखते आणि शंभर निरोगींपैकी फक्त एकीला चुकून ‘रिॲक्टिव्ह’ म्हणते.

आता हिशेब करा. ५० रुग्णांपैकी ४९ सापडल्या. ९,९५० निरोगींपैकी एक टक्का म्हणजे सुमारे १०० जणी चुकून ‘रिॲक्टिव्ह’ ठरल्या. एकूण ‘रिॲक्टिव्ह’ १४९. त्यांपैकी खऱ्या रुग्ण ४९, म्हणजे तिघींत एकच! तपासणी ‘९९ टक्के बरोबर’ असूनही तिघींपैकी दोघी निरोगी निघाल्या. कारण समाजात रोग कमी आहे आणि निरोगी माणसे फार आहेत.

आता या १४९ जणींची दुसऱ्या जातीची तपासणी करू. तीही शंभरात एकदाच चुकते असे धरू. १०० निरोगींपैकी आता एकच ‘पॉझिटिव्ह’ राहील आणि ४९ रुग्णांपैकी सुमारे ४८ राहतील. म्हणजे ४९ पैकी ४८ खऱ्या. एका कागदाने जो संशय होता तो दुसऱ्या कागदाने जवळजवळ खात्रीत बदलला.

पालकांनी हे गणित विशेष लक्षात घ्यावे. पहिल्या ‘रिॲक्टिव्ह’ अहवालावरून ज्या घरात भांडण झाले, त्या घरातील सून बहुधा निरोगीच असू शकते. आणि उपदंश असलाच, तरी तो कुणाकडून, कधी आणि कसा आला हे कोणतीही रक्ततपासणी सांगू शकत नाही. तिचा अर्थ एवढाच की उपचाराची गरज तपासून पाहावी.

वेळेचा नियम

संसर्ग झाल्याबरोबर प्रतिपिंडे तयार होत नाहीत. व्ही.डी.आर.एल. सहसा व्रण उठल्यानंतर एक ते चार आठवड्यांनी ‘रिॲक्टिव्ह’ होते. त्याआधी तपासणी केली तर जंतू शरीरात असूनही अहवाल ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ येतो. म्हणून संशय असेल तर एका तपासणीवर निश्चिंत न होता डॉक्टरांच्या सल्ल्याने सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी. गरोदर मातेची तपासणी पहिल्याच भेटीत व्हावी आणि धोका असल्यास शेवटच्या तीन महिन्यांत पुन्हा.

अहवालाचे चार अर्थ

१. दोन्ही तपासण्या ‘नाही’ म्हणतात – उपदंश नाही, किंवा संसर्ग इतका नवा आहे की प्रतिपिंडे अजून तयार झाली नाहीत.

२. व्ही.डी.आर.एल. ‘रिॲक्टिव्ह’, टी.पी.एच.ए. ‘निगेटिव्ह’ – बहुधा दुसऱ्या कारणाने आलेली खोटी खूण. डॉक्टर ते कारण शोधतील.

३. दोन्ही तपासण्या ‘आहे’ म्हणतात – उपदंश आहे, किंवा नुकताच उपचार झालेला आहे. पूर्वीचा उपचार व टायटर पाहून डॉक्टर ठरवतील.

४. व्ही.डी.आर.एल. ‘नॉन-रिॲक्टिव्ह’, टी.पी.एच.ए. ‘पॉझिटिव्ह’ – पूर्वी होऊन बरा झालेला, अगदी नवा किंवा फार जुना लपलेला रोग. पूर्वी उपचार झाला नसेल तर डॉक्टरांचा सल्ला आवश्यक.

चारांपैकी एकही अर्थ कागद पाहून शेजाऱ्याने किंवा नातेवाइकाने लावायचा नाही.

औषध साधे, लाभ मोठा

१९१० साली पॉल एर्लिश आणि साहाचिरो हाता यांच्या संशोधनातून आलेले साल्व्हरसान हे संखियायुक्त औषध या रोगावर प्रथमच बऱ्यापैकी उपयोगी पडले. १९४३ साली अमेरिकेत जॉन महोनी यांनी पेनिसिलिनने हा रोग बरा होतो हे दाखवले. आजही तेच औषध चालते. रोग नवा असेल तर बेंझाथिन पेनिसिलिनच्या २४ लाख युनिटांचा एकच डोस इंजेक्शनाने देतात. जुना असेल तर दर आठवड्याला एक असे तीन डोस देतात. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का ते आधी विचारतात. जोडीदाराचीही तपासणी व उपचार करतात, नाहीतर रोग पुन्हा परत येतो. उपचारानंतर टायटर पाहत राहतात. तो चौपट उतरला, म्हणजे १:३२ वरून १:८ वर आला, की औषध लागू पडले असे मानतात. त्याला काही महिने लागतात.

सर्वांत मोठा लाभ बाळाचा. उपचार न झालेल्या मातेकडून हा जंतू गर्भाला होतो. गर्भपात, मृत बाळ, अपुऱ्या दिवसांचे किंवा रोगासह जन्मलेले बाळ, असे परिणाम होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात ११ लाख गरोदर स्त्रियांना उपदंश होता आणि त्यामुळे ३,९०,००० हून अधिक बाळंतपणांत असे अनिष्ट परिणाम झाले. मातेला प्रसूतीच्या निदान ३० दिवस आधी पेनिसिलिन मिळाले तर यांतील बहुतेक टळू शकते. क्यूबाने २०१५ साली, थायलंडने २०१६ साली आणि आपल्या शेजारच्या श्रीलंकेने २०१९ साली मातेकडून बाळाला होणारा उपदंश निर्मूलनाच्या पातळीवर आणल्याची मान्यता मिळवली. त्यांच्याकडे वेगळी जादू नव्हती. प्रत्येक मातेची तपासणी आणि अहवाल येताच उपचार, एवढेच.

तपासणी केली, पण सांगितले नाही

तपासणीचा दुरुपयोग कसा होतो याचे एक दुःखद उदाहरण इतिहासात आहे. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ साली तेथील सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांचा अभ्यास सुरू केला. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश होता. त्यांचे रक्त वेळोवेळी घेतले गेले. ‘तुमचे रक्त खराब आहे’ एवढेच त्यांना सांगितले गेले. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हा सर्वमान्य उपचार झाला, तरी तो त्यांना दिला नाही. रोग पुढे काय करतो हे पाहायचे होते! १९७२ साली एका वृत्तसंस्थेने हे उघडकीस आणले तेव्हा अभ्यास थांबला. १९९७ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली.

या प्रकरणानंतर संशोधनाचे नियम कडक झाले. आपल्यासाठी बोध साधा आहे. ज्याचे रक्त घेतले त्याला तपासणीचे नाव, निकाल आणि उपाय समजेल अशा भाषेत कळला पाहिजे. तो त्याचा हक्क आहे. आणि तो निकाल इतरांना कळू नये, हाही त्याचाच हक्क आहे.

इतर संसर्गांचे काय?

सर्व लैंगिक संसर्गांना एकच तपासणी नसते. क्लॅमिडिया आणि परमा यांसाठी लघवी किंवा स्रावाचा नमुना घेऊन त्यातील जंतूंचे जनुकीय द्रव्य शोधतात. एच.आय.व्ही. आणि हिपॅटायटिस बी यांसाठी रक्त घेतात, पण तपासण्या वेगळ्या. ‘माझी सगळी तपासणी झाली आहे’ या वाक्याला म्हणून अर्थ नाही. कोणती तपासणी आणि कधी, हे विचारावे लागते. हिपॅटायटिस बी आणि एच.पी.व्ही. यांवर प्रतिबंधक लस आहे. उपदंशावर अजून लस नाही. कंडोमने धोका पुष्कळ कमी होतो, पण व्रण झाकला न गेल्यास पूर्ण टळत नाही.

आपण काय करावे?

१. सरकारी जिल्हा रुग्णालयांत व वैद्यकीय महाविद्यालयांत लैंगिक संसर्गांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असते. तेथे समुपदेशक असतो. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या १०९७ या निःशुल्क दूरध्वनीवरही माहिती मिळते.

२. गरोदर मातांसाठी २०१६ पासून ‘प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान’ आहे. त्यात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत विनामूल्य तपासणी होते. आपल्या ओळखीच्या, घरकाम करणाऱ्या, नव्याने गावात आलेल्या भगिनींना हे सांगावे.

३. रक्तदानाच्या वेळी आपल्या देशात प्रत्येक पिशवीची एच.आय.व्ही., हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, उपदंश आणि हिवताप या पाचांसाठी तपासणी होते. पण तपासणीच्या हेतूने रक्तदान करू नये. वेळेचा नियम आठवावा. अगदी नवा संसर्ग तपासणीतून निसटू शकतो.

४. विद्यार्थ्यांनो, कुणी तुमच्या शरीराशी इच्छेविरुद्ध वागले असेल तर त्यात तुमचा दोष नाही. आई-बाबा, शिक्षक किंवा विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

५. पालकांना व विश्वस्तांना विनंती. घरात किंवा संस्थेत कुणाचा अहवाल कळलाच तर तो चर्चेचा विषय होऊ देऊ नये. आपल्या मंडळींत सगळे सगळ्यांना ओळखतात. ही आपली शक्ती आहे, पण अशा वेळी तीच भीतीचे कारण होते. लोक काय म्हणतील या धास्तीने एका मातेने तपासणी टाळली, तर किंमत तिच्या बाळाला मोजावी लागते.

स्वाध्याय

१. एका रुग्णाचा टायटर उपचारापूर्वी १:६४ होता, सहा महिन्यांनी १:१६ झाला. तो चौपट उतरला का? कारण द्या.

२. वरील गणितात ५० ऐवजी ५०० मातांना रोग आहे असे धरून पहिल्या तपासणीचा हिशेब पुन्हा करा. ‘रिॲक्टिव्ह’ आलेल्यांपैकी खऱ्या रुग्ण किती? उत्तर का बदलले?

३. टी.पी.एच.ए. ‘पॉझिटिव्ह’ असलेल्या माणसाला आज रोग आहेच असे का म्हणता येत नाही?

४. घरी आईला किंवा आजीला तुमच्या शहरातील भाषेत आणि मराठीत ‘रिॲक्टिव्ह’ या शब्दाचा अर्थ दोन वाक्यांत समजावून सांगा. त्यांना जे कळले नाही ते वहीत लिहा आणि विज्ञानाच्या तासाला विचारा.